सांगावा वाहणाऱ्यांची नोंद कुठे आहे?

खारघरचे नाव वर्तमानपत्रात येते ते ठरावीक कारणांनी. घरांचे भाव चढले की येते. पावसाळ्यात पांडवकड्याच्या धबधब्यात कॉलेजची मुले वाहून गेली की येते. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली तेव्हा आले. त्याच वर्षी १६ एप्रिलला इथल्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ माणसे दगावली, तेव्हा तर साऱ्या देशात आले.

परंतु खारघर हे सेक्टरांचे शहर होण्याआधी गाव होते. आजही आहे. बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे, पेठ, रांजणपाडा ही त्याची भावंडे उंच इमारतींच्या मधोमध टिकून आहेत. डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत. खाली खाडी आहे. या खाडीत यंदा चिंबोरी किती मिळाली, कुठल्या गल्लीत पावसाचे पाणी शिरले, कुठल्या बौद्धवाड्यातली मुलगी घराण्यात पहिल्यांदा पदवीधर झाली, कुणाच्या आजीचे निधन झाले, ही बातमी कुणी छापत नाही. छापत नाही म्हणून ती कुणी लिहूनही ठेवत नाही. आमचे म्हणणे असे आहे की ही साधी गोष्ट नाही. ज्या गावाची नोंद नाही त्या गावाला हक्क मागता येत नाही, आणि ज्या घराची नोंद नाही त्या घराला गावातही जागा राहत नाही.

पौर्णिमा आणि उधाण

खाडीकाठचे जीवन कसे चालते हे आमच्या नव्या पिढीला, विशेषतः घरकुल, स्पॅगेटी, वास्तुविहार किंवा स्वप्नपूर्तीत राहायला आलेल्या आपल्या घाटावरच्या आणि मराठवाड्यातल्या समाजबांधवांना ठाऊक नसते. म्हणून थोडे सांगतो.

खाडीचे घड्याळ चंद्रावर चालते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर कमी असतो; त्याला भांग म्हणतात. आमच्या बाजूला उधाणाची भरती दुपारी बाराच्या पुढेमागे आणि पुन्हा मध्यरात्रीच्या सुमारास येते, आणि मग रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकत जाते. विहारात पौर्णिमेला आपण उपोसथ पाळतो, त्रिशरण-पंचशील घेतो, तेव्हा पलीकडे खाडीत उधाणाचे पाणी चढलेले असते. धम्माची तिथी आणि खाडीची तिथी एकच आहे. जुनी माणसे कॅलेंडर न पाहता दोन्ही सांगत.

या उधाणापासून भातशेती वाचवायची म्हणून खाडीकाठी मातीचे बांध घालत. त्यात पाणी सोडण्या-अडवण्यासाठी उघाड्या ठेवत. भरतीला उघाडी बंद, ओहोटीला खुली. पावसाचे गोडे पाणी बाहेर जायचे, समुद्राचे खारे पाणी आत यायचे नाही. एका ठिकाणी बांधाला खांड पडली की साऱ्या गावाचे पीक जायचे. म्हणून बांधावर माती टाकायला सारे गाव उतरे. या खाऱ्या जमिनीत तग धरणारा राता हा तांबड्या दाण्याचा भात होई. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा क्षार सहन करणाऱ्या जातीही काढल्या. ज्या जमिनीसाठी भात शोधला, तिच्यावर आज मोठ्या भागात इमारती उभ्या आहेत.

बांधाच्या पलीकडे चिखल, तिवरे आणि पाणी. पाग टाकून बोईट आणि कोलंबी धरायची, चिखलातून निवट्या आणि चिंबोऱ्या काढायच्या, बायांनी शिंपल्या आणि कालवे वेचायची. यात आगरी होते, कोळी होते, कातकरी होते. आणि ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती अशा आपल्या लोकांनाही अडल्या वेळी खाडीनेच कालवण दिले. खाडीला सातबारा नव्हता, म्हणून तिने जातही विचारली नाही.

बातमी वाहणारे

आता आपल्या घरातली गोष्ट. जुन्या गावगाड्यात गावची बातमी कोण वाहत असे? महार वाहत असे. कुणाच्या घरी मयत झाली की दहा कोसांवरच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवायचा तो महाराने. सरकारी टपाल आणि वसुलीचा पैसा तालुक्याला न्यायचा तो महाराने. दवंडी द्यायची, पाटलाचा निरोप पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे ते महाराने. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की सीमा दाखवायला पुढे महारालाच उभे करत. गावाची हद्द त्याच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. गावात कोण जन्मले, कोण मेले याची खबरही गावकामगारांमार्फतच जाई. आजही महसुलाच्या जुन्या दप्तरात 'कोतवाल बुक' म्हणून ती नोंद सापडते.

विचार करा. ज्याला साऱ्या गावाची खबर होती, त्याच्या स्वतःच्या घराची खबर कुणी लिहिली? त्याची झोपडी गावाबाहेर, त्याची जमीन वतनाची, आणि वतन म्हणजे रात्रंदिवस राबण्याची बेडी. ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन बिल आणले. ती शेवटी तुटली १९५८ च्या कायद्याने. मेलेली ढोरे ओढण्याचे आणि सांगावे वाहण्याचे काम आपण टाकून दिले, ते योग्यच केले. त्यात स्वाभिमान होता. मात्र सांगावा वाहण्याचे टाकले म्हणून स्वतःचा सांगावा लिहिण्याचेही टाकावे असे बाबासाहेबांनी कधी सांगितले नव्हते. उलट त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ ला झाला आणि दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाला. १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. पैसा नाही, जाहिराती नाहीत, वर्गणीदार थकलेले, तरी बाबासाहेबांनी हा खटाटोप का केला? आपली बातमी दुसरा कुणी लिहिणार नाही, हे त्यांना माहीत होते.

सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसे

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतली ९५ गावे नव्या शहरासाठी ठरली. भातशेती, मिठागरे, गुरचरण सारे गेले. मोबदला तुटपुंजा होता. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हा लढा थोर होता आणि त्याचा आम्हांला आदर आहे. २०२१ साली विमानतळाला दिबांचे नाव द्यावे म्हणून मानवी साखळी झाली, तेव्हा आपले अनेक कार्यकर्तेही रस्त्यावर उभे होते.

आगरी शेतकरी आणि आपला समाज यांचे नाते नवे नाही. अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले, पण मागे हटले नाहीत. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे बिल त्यांनीच मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. ही आठवण आपल्या आगरी शेजाऱ्यांना आणि आपल्या मुलांना, दोघांनाही सांगायला हवी.

तरीही हिशेब मांडला पाहिजे. साडेबारा टक्क्यांचे सूत्र काय? जेवढी जमीन गेली तिच्या प्रमाणात भूखंड. म्हणजे मोठ्या शेतकऱ्याला मोठा तुकडा, लहानाला लहान. जो दुसऱ्याच्या शेतात मजुरी करत होता, बांधावर माती टाकत होता, खाडीत पाग टाकून पोट भरत होता, त्याच्या श्रमाचे क्षेत्रफळ या सूत्रात कसे मोजणार? शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. शेत गेले तशी मजुरीही गेली. खाडीत भराव पडला तसे कालवणही गेले. जमीनमालकाचे नुकसान कागदावर उमटले. भूमिहीनाचे नुकसान त्याच्या चुलीवर उमटले, आणि चुलीची नक्कल तलाठ्याकडे मिळत नाही.

यादीने काय होते?

कुणी म्हणेल, लिहून काय होणार? गरिबाच्या वहीला कोण विचारतो? त्यांच्यासाठी आमच्याच भागातले उदाहरण देतो.

उरण-पनवेल पट्ट्यातील पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. बंदराच्या भरावाने आणि इतर कामांनी मासेमारीच्या जागा गेल्या, होड्या काढायचे मार्ग बुजले, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. जमीन त्यांच्या नावावर नव्हती. समुद्र आणि खाडी कुणाच्याच नावावर नसते. पण किती कुटुंबे, कुठल्या कोळीवाड्यातली, हे मांडलेले होते. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निकालानंतरही वरच्या कोर्टाच्या पायऱ्या चुकत नाहीत, हे खरे. पुढे २०२१ साली ठाणे खाडीवरच्या नव्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही पारंपरिक मासेमारी हा जगण्याचा हक्क आहे, तो बुडाला तर भरपाई द्यावी लागेल, असे मानले. सातबारा नसलेल्या माणसाचाही हक्क असतो, हे यातून सिद्ध झाले. मात्र त्याला आपण कोण, किती, कुठे आणि कधीपासून, हे दाखवता आले पाहिजे.

आता नोंद नसली की काय होते त्याचेही पाहा. कासाडी नदी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीजवळून वाहत येऊन खाडीला मिळते. काठावरची माणसे वर्षानुवर्षे सांगत होती की पाण्याचा रंग बदलतो, मासे मरून वर येतात, घाण वास सुटतो. कुणी फारसे ऐकले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये त्या भागातली कुत्री निळ्या रंगाची झालेली दिसली. त्यांची छायाचित्रे जगभर गेली आणि मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगाचा संबंध असलेला कारखाना बंद करायला लावला. माणसांचे ऐकायला कुत्र्यांनी निळे व्हावे लागले! काठावरच्या दहा घरांनी तारीख, वार, भरतीची वेळ आणि पाण्याचा रंग असे वहीत लिहून ठेवले असते, तर त्या दहा वह्या कुठल्याही अधिकाऱ्याच्या टेबलावर छायाचित्राइतक्याच जड झाल्या असत्या.

दुसरे उदाहरण मनाला अधिक लागणारे आहे. विमानतळाच्या जागेत वाघिवलीवाड्याजवळ केरूमातेची लेणी होती. गावकरी तिथे केरूमाता म्हणून पूजा करत. ती प्राचीन बौद्ध लेणी आहेत हे आपल्या लोकांनी सांगायला सुरुवात केली, आंदोलने केली, तोवर यंत्रे डोंगराला भिडली होती. लेणी गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. आमच्या डोक्यावरून ती जातात तेव्हा वाटते, पन्नास वर्षांपूर्वी कुणी शाळकरी मुलाने तरी त्या लेण्यांचे माप घेऊन, खांब मोजून, चित्र काढून ठेवले असते तर? वारसा आधी वहीत वाचवावा लागतो, मगच तो डोंगरात वाचतो.

घरोघरी एक वही

म्हणून आमची सूचना आहे. ती खर्चाची नाही. प्रत्येक बौद्ध घरात एक जाड पुठ्ठ्याची वही असावी. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी लिहिणाऱ्या आम्हा कारकुनांना एक गोष्ट पक्की कळली आहे : तोंडी गाऱ्हाणे दारातून परत जाते, तारखेसह लिहिलेले गाऱ्हाणे आवक क्रमांक घेऊन आत जाते.

वहीच्या पहिल्या भागात घराचा इतिहास लिहावा. आजोबा-पणजोबांचे नाव, मूळ गाव, तालुका, कुठल्या शाळेत कोण किती शिकले, धम्मदीक्षा कुणी कधी घेतली. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, कोतवाल बुकात, जुन्या महसुली कागदात असतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, पण कागद नसल्याने प्रवेश हुकलेली मुले आम्ही दरवर्षी पाहतो. जून महिन्यात गावाकडे धावण्यापेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत सावकाश जाऊन नकला काढून आणाव्यात.

दुसऱ्या भागात चालू नोंदी. बाळ जन्मले की २१ दिवसांच्या आत जन्मनोंद करावी आणि तिचा क्रमांक वहीत उतरवावा. मृत्यूचेही तसेच. शाळेत नाव घालताना स्पेलिंग, आडनाव आणि धर्माचा रकाना स्वतः पाहावा. 'मास्तर लिहितील' म्हणून सोडून देऊ नये. एका अक्षराच्या फरकाने पुढे प्रतिज्ञापत्रांचा डोंगर उभा राहतो.

तिसऱ्या भागात गावाची बातमी. पाणी किती वाजता आले, किती वेळ राहिले. कोणत्या पौर्णिमेला उधाणाचे पाणी कुठपर्यंत चढले. तिवरांवर डेब्रिज कधी पडले. उच्च न्यायालयाने २०१८ साली तिवरांची तोड आणि त्यांवरचा भराव याविरुद्ध स्पष्ट निकाल दिलेला आहे, तेव्हा तारीख आणि जागा लिहिलेली असली की तक्रारीला बळ येते. दारूच्या दुकानाचा परवाना मागितल्याचे कळले तर तेही लिहावे. खारघर दारूमुक्त राहावे म्हणून इथल्या नागरिकांनी, विशेषतः महिलांनी, वर्षानुवर्षे झगडा केला आहे, आणि पंचशीलातले पाचवे शील घेणाऱ्यांनी त्यात मागे राहणे शोभत नाही.

१ ऑक्टोबर २०१६ पासून आपला भाग पनवेल महानगरपालिकेत आला. ग्रामपंचायत होती तेव्हा सरपंचाला ओट्यावर गाठून दोन शब्द सुनावता येत. आता अर्ज लागतो, आणि अर्जाला तपशील लागतो. तो तपशील या तिसऱ्या भागातून निघेल.

ही वही कुणी लिहावी? आमच्या मते घरातल्या बाईने. पाणी कधी गेले हे तिला माहीत असते, मासळी महागली हे तिला माहीत असते, कुणाचा नवरा पितो आणि कुणाच्या मुलीचे शिक्षण थांबवले हेही तिलाच माहीत असते. जिला अक्षर येत नाही तिने सांगावे, नातीने लिहावे. आजी सांगते आणि नात लिहिते, यापेक्षा चांगला संस्कारवर्ग कोणता? रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास या वह्या वाचाव्यात. पाच घरांच्या वहीत एकच गाऱ्हाणे निघाले, तर ते गावाचे गाऱ्हाणे झाले. त्याचा अर्ज तिथेच लिहावा, सह्या तिथेच घ्याव्यात.

रोहिणीचे पाणी

एक शेवटची गोष्ट. ही नोंद भांडणासाठी नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे ते नदीच्या पाण्याचे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा पेटला. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. आधी दोष कुणाचा ते तपासा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी तंटा मिटवावा, असे त्याने सुचवले. बहुमताने ते फेटाळले. आपले मत न बदलता त्याने परिव्रज्या पत्करली.

नदीकाठच्या माणसांसाठी यात फार मोठा धडा आहे. आधी तपास, मग निर्णय. आणि तपासाला पुरावा लागतो. आपल्या खाडीकाठीही आगरी आहेत, कोळी आहेत, कातकरी आहेत, आपण आहोत, आणि आता देशभरातून आलेले लोक आहेत. पाणी सर्वांचे एकच आहे. कासाडीत सुटलेले रसायन कोळ्याच्या पागात येते तसे आपल्या ताटातही येते. तेव्हा आपल्या वहीत फक्त आपल्याच वाड्याची नोंद नसावी. डोंगरावरच्या फणसवाडीच्या रस्त्याचीही असावी, शेजारच्या कोळिणीच्या बुडालेल्या धंद्याचीही असावी. एके काळी आपल्या बापजाद्यांनी साऱ्या गावाचा सांगावा वाहिला तो सक्तीने, अनवाणी, वतनाच्या भाकरीवर. आता आपण साऱ्या गावाची नोंद ठेवू ती स्वखुशीने, ताठ मानेने, स्वतःच्या सहीने.

येत्या पौर्णिमेला विहारात जाताना मुलांसाठी वही आणि पेन घेऊन जा. पहिल्या पानावर गावाचे नाव, दुसऱ्या ओळीत तारीख, तिसऱ्या ओळीत त्या दिवशी खाडीचे पाणी कुठवर चढले ते लिहा. पुढचे आपोआप सुचेल.

जय भीम!